प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत

मगदूम सरांनी माइकवर दोनदा फुंकर मारली,
म्हणाले, बाईंची तीस वर्षं गुन्हेगारांत गेली.
लोक हसले. सरांना कळलं नाही का.
प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत,
नाव नाही घातलं तरी चालेल.
सांगलीतलं वाचनालय, वरचा हॉल, चारशे माणसं.
गेल्या वर्षी संतसाहित्याला साठ होती,
हेही सरांनीच सांगितलं, चहाच्या वेळी, जरा पडलेल्या आवाजात.

पहिली चिठ्ठी नेहमीचीच.
चेहऱ्यावरून ओळखता येतो का?
नाही. येत असता तर मी
इतक्या घरांतून चहा पिऊन आले नसते.
पुतण्याला विहिरीत लोटणारा
मला म्हणाला होता, बाई, साखर कमी चालंल न्हवं?
एवढी विचारपूस माझ्या घरातही कुणी करत नाही.

पुरावा न ठेवता खून करता येतो का?
अक्षर सुरेख, बहुतेक शिक्षकाचं.
येतो की. त्याला आपण
पाय घसरला म्हणतो, किंवा स्टोव्ह भडकला.
किती सुना गेल्या स्टोव्हनं,
स्टोव्ह काही पिंजऱ्यात उभा राहिला नाही.
डोकं लागत नाही त्याला फारसं.
भिंतीला भिंत लागून असलेलं घर लागतं
आणि त्या घरात मोठ्यानं लावलेला टीव्ही.

रक्तातच असतं का हो ते?
तिसऱ्या रांगेतले गृहस्थ उत्तराआधीच मान डोलावत होते.
रक्तात लोह असतं, म्हटलं. साखर असते.
एका पोराला मी वडलांचं नाव विचारलं
तर तो शाळेचा दाखला शोधायला आत गेला.
बराच वेळ गेला होता.

झोप लागते का तुम्हाला?
लागते. दुपारीसुद्धा.

मी रात्री भाकऱ्या थापताना मोबाइलवर खुनाच्या गोष्टी ऐकते,
माझं काही बिघडलंय का?
नाही गं. कडी दोनदा तपासणारीच ऐकते असलं.
तू खून ऐकत नसतेस,
कुठल्या वळणावर तिला पळता आलं असतं ते शोधतेस.
एवढंच कर, मेलेल्याचं नाव लक्षात ठेव,
मारणाऱ्याचं सगळेच ठेवतात.

टाळ्या पडल्या.
आणि टाळ्या चालू असताना
विहिरीतल्या त्या पोराचं नाव मला आठवेना.
काकाचं आठवत होतं. गावाचं, फौजदाराचं, न्यायाधीशांचंसुद्धा.

शेवटची चिठ्ठी अडत दुकानाच्या पावतीमागं लिहिलेली.
तो पुढच्या महिन्यात सुटून येतोय. चौदा वर्षं झाली.
दारात आल्यावर पयलं काय बोलायचं?
कोपऱ्यात हळदीच्या अंगठ्याचा ठसा,
स्वच्छ, भोवऱ्याचा,
मधोमध आडवी चीर. कधीतरी विळी लागली असेल.

आयुष्यभर हेच शिकवलं मी.
माणूस फिरवाफिरवी करतो, ठसा करत नाही.
पण मार्च महिना, यार्डात सौदे जोरात,
समोर आठशे हात
आणि त्यातले कितीतरी पिवळे.
एक चीर शोधायला मला दोन मिनिटं पुरली असती.

मी चष्मा काढला.
समोर सगळं नुसतं रंगांचं झालं.

चिठ्ठी न वाचताच बोलले,
आधी पाणी द्यावं.
बोलायचं काय ते मग सुचतं.

हॉलला काही कळलं नाही.
मागं कुठंतरी एक खुर्ची सरकली.
मगदूम सरांनी घाईघाईनं
तांब्यातलं पाणी ग्लासात ओतलं
आणि माझ्यापुढं धरलं.

मी प्यायले. सगळं.