तारखेचा तुकडा

नेरूळ, सेक्टर सहा. रात्रीचे पावणेदहा.
भोपी मेडिकलचं शटर अर्ध्यावर आलेलं.
मी वाकून म्हणते, एक डबा भरायचाय औषधांचा.
कोणासाठी?
माझ्यासाठी.
त्रास काय होतो?
अजून तरी काही नाही.

पोरगा हसत नाही. शटर परत वर ढकलतो.
कशाची ॲलर्जी? बीपी? पित्त?
रोजच्या गोळ्या कुठल्या?
बऱ्याच दिवसांत इतकं कुणी विचारलं नव्हतं.

मागच्या महिन्यात रात्री अडीचला ताप चढला
तेव्हा खणात निघालं ते असं:
डोळ्यांचे थेंब, आटलेले,
खोकल्याची बाटली, झाकण साखरेनं घट्ट,
आणि ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या.
सहा वर्षं झाली. टाकवल्या नव्हत्या.
भिंत धरत ओट्यापाशी गेले,
चिमूटभर ओवा चावला
आणि दूधवाल्याच्या सायकलची वाट पाहिली.

म्हणून आता पॅरासिटामॉल.
ओआरएसची चार पाकिटं, संत्र्याच्या चवीची नकोत.
भाजल्यावरचं मलम, कारण फोडणी माझ्यावर डूख धरून आहे.
क्रेप बँडेज. थर्मामीटर.
सर्दीची गोळी, "झोप येईल हं," तो बजावतो.
येऊ दे की बाबा.
अंगदुखीची ती लाल गोळी मागितली
तर सरळ नाही म्हणाला:
बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारून.

मग कात्रीनं पट्टी कापली.
चार मला, सहा परत खोक्यात.
तारीख त्या सहांवर राहिली.
माझ्या तुकड्यावर काहीच नाही रे, मी म्हटलं.
उलटी कापली तर पुढच्याच्या तुकड्यावर नसेल,
तो म्हणाला, कुणाच्या तरी नसणारच.
घेतली मग अख्खी.

घरी श्रीखंडाच्या डब्यात सगळं मावलं.
झाकणावर नाव लिहिलं, वय, रक्तगट.
"कळवा:" लिहिलं
आणि पेन तिथंच थांबलं.
लेकीकडे तेव्हा दुपार असते, किंवा समुद्र.

समोरच्या शोशम्मा कुरियनकडे दिवा होता.
वाशीत अठ्ठावीस वर्षं नर्स,
आता गुडघ्यांनी बसवलेली.
तिच्या उंबऱ्यावरच पट्टी कापली,
तारखेचा तुकडा तिला दिला
आणि जास्तीची किल्ली.

"माझ्याकडे या गोळ्या आहेत ना ग."
असू देत.
माझ्याकडच्यांवर तारीख नाही.
येत जाईन अधूनमधून विचारायला,
चालतील का अजून.