जबल जैस, सीट एकतीस

रास अल खैमा मागं पडलं.
गाईड मुराद माइकवर सांगतो:
उजवीकडे बघा, दरी.
सगळे फोन उजवीकडे वळतात.

परकारचाचा मात्र डावीकडे,
काचेला नाक लावून.
सुनेनं काढलेलं तिकीट मुठीत,
ओठांवर आकडे.

वळणं मोजताय?
नाय, म्हणाले, सुरुंगाची भोकं.
अर्धी अर्धी दिसतात बघ कातळात,
उभी, पन्हळीसारखी.
ही रांग माझी. पुढची पेशावरच्या गुलची,
तिरकी गेलीय.

वर वीस मिनिटं थांबा.
कागदी पेल्यात चहा, वारा बोचरा,
एक बकरी कुणाचं तरी सँडविच खातेय.
ग्रुप फोटोत चाचा नाहीत.
ते कठड्यापाशी वाकून
कलिंगड घेताना मारतात तशी
सिमेंटवर टिचकी मारतात

आणि कान लावतात.