घर बघायला

भुतांच्या महिन्यात तैपेईत कोणी घर घेत नाही.
सातव्या चांद्रमासात पलीकडची दारं सैल होतात म्हणे,
आणि रिकामी खोली दिसली
की ज्यांना जागा नाही ते आधी शिरतात.
म्हणून मी नेमका तोच महिना धरला.

दलाल चो घाम पुसत म्हणाला,
"वीस दिवस थांबा, पुढे मुहूर्त चांगले आहेत."
म्हटलं, तेव्हा भावही चांगले होतील.

त्यातून चौथा मजला.
आमच्याकडे चार म्हणताना जीभ जरा घसरली
की त्याचं मरण होतं.
मी कामाला आहे त्या इस्पितळात चौथा मजलाच नाही.
तिसऱ्यावर पाचवा. मी तिथेच असते, रात्रपाळीला.
माणसं बरी होऊन घरी जातात तिथून.
सगळी नाही. बरीच.

तिसरी खोट खिडकीबाहेर :
हात लांबवला तर लागेल इतका जवळ मेट्रोचा पूल.
चो मला सारखा स्वयंपाकघराकडे वळवत होता.
मी खिडकीशीच थांबले.
गाडी आली, चालक नसलेली,
चार डबे, काचांना टेकलेली कपाळं,
ओट्यावरची बशी किणकिणली,
झालं.

घरमालक लिएन आजोबा, पोस्टातून निवृत्त,
म्हणाले, "तीन आठवड्यांत ऐकू येईनासं होतं.
एकदा वादळात दोन दिवस गाड्या बंद होत्या,
तर आम्ही नवराबायको उगाचच भांडलो."
मग विकताय का, विचारलं
तेव्हा त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर चापट मारली,
आगाऊ पोराला मारावी तशी.

स्टेशनाला लागूनच नवी इमारत आहे, लिफ्टवाली.
तिथे शंभरातले तेहतीस भाग
जिना, दालन, पहारेकरी, कारंजं.
कारंज्याचे हप्ते तीस वर्षं भरायची
माझी तयारी नव्हती.
इथून इस्पितळ अकरा मिनिटं.
नदीपल्याडच्या भाड्याच्या खोलीतून दोन बस, सव्वा तास.
मी भिंती घेत नव्हते,
झोप घेत होते, पिंगाच्या भावाने.

कर्ज फिटेल तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची असेन.
लिएन आजोबा आज एकाहत्तर.
हे मी सही झाल्यावर मोजलं.

पायऱ्या मात्र आधीच मोजल्या होत्या,
कारण यिलानहून आई फोनवर तेवढंच विचारणार.
"किती?"
"चोपन्न."
पलीकडे पंखा फिरत राहिला.
"चांगलं आहे," ती म्हणाली,
दुसऱ्यांच्या मुलींना म्हणते त्या आवाजात.

थंडी पडल्यावर ती आली,
हिरव्या पातीच्या कांद्याची मोळी घेऊन.
गल्लीत उभी राहिली. कठड्याला हात लावला.
पहिल्या पायरीकडे बघत राहिली जरा वेळ,
ओळखीचं माणूस आपल्याला ओळख देतंय का
हे बघावं तशी.
मी म्हटलं, पाठीवर घेते.
"वेडी आहेस, आ-लुआन. मला स्टेशनात सोड."
मला वाटलं, निघाली.
तिथे लिफ्टपाशी माझ्या हातात मोळी कोंबून म्हणाली,
"तू घरी पळ. दिवे लाव सगळे."

मी पळाले. चोपन्न.
भर दुपारी सगळे दिवे लावले, न्हाणीघरातलासुद्धा,
आणि मोळी उंच धरून खिडकीत उभी राहिले.
गाडी आली.
सगळ्यात पुढे, जिथे चालक बसला असता तिथे,
माझी आई,
चौथ्या मजल्याच्या उंचीवर, सरळ पाठीने बसलेली,
पर्स मांडीवर.
तिने हात केला नाही. ती घर बघत होती.

फोन वाजला.
"पडदा घे. सगळं दिसतं."
"बरं."
"जमिनीवरची चटई तिरकी आहे."
पुढल्या स्टेशनावर उतरून तिने उलटी गाडी धरली,
मग पुन्हा सुलटी.
तिसऱ्या फेरीच्या आत
चटई मी सरळ केली होती.