कर्ता : अज्ञात

रिक्षात ती मांडीवर धरून बसले होते,
सोलापुरी चादरीत गुंडाळलेली.
रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, देवाचं काही आहे का?
म्हटलं, नाही. संग्रहालयाचं.
तरी त्यानं कसबा पेठेपर्यंत सगळे खड्डे चुकवले.

तांबट आळीत आधी कान पोचतात, मग आपण.
मधुसूदन वडके खरवईपाशी पाय दुमडून
बंबाचं बूड ठोकत होते.
वर पाहिलं नाही. "ठेवा तिथं. चहा सांगतो."

नोंदवहीत तिच्याबद्दल एवढंच आहे :
सुरई, तांबं, कल्हई अंशतः शिल्लक.
बहुधा इस्फहान. बहुधा अठरावं शतक.
पोटावर दोन ओळी, अक्षरं झिजलेली.
मानेला पोचा.
कर्ता : अज्ञात.

हा शब्द आम्हाला इतक्यांदा लिहावा लागतो
की त्याचा रबरी शिक्काच करून घेतलाय.
ब्रह्मदेशातल्या लाखेच्या डबीला तोच,
काँगोच्या मुखवट्याला तोच,
पैठणच्या त्या चित्रालाही,
ज्यातली राणी खांबाआडून पाहते
आणि कुणाकडे, तेही अज्ञात.
जेवणानंतर मी शिक्के मारते.
शाई जांभळी.

वडक्यांनी हात लेंग्याला पुसले.
सुरई उजेडात धरली नाही.
डोळे मिटून पोटावरनं अंगठा फिरवला,
खालून वर, मग उलटा.
मग थांबले, आणि शेजारच्या दुकानाकडे ओरडले,
"अरे ए, ठोकणं थांबव जरा, बघू दे!"

(बघायला शांतता लागते,
एवढी वर्षं दालनात उभं राहून
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.)

"डावखुरा होता."
कोण?
"हिचा बाप.
मठाराचा घाव कसा पडलाय बघा. आमचा असा कलतो, ह्याचा असा.
माझा थोरला चुलता डावखुरा.
त्याचा बंब मी अंधारात ओळखायचो.
गडी घाईतला नव्हता. इथं, गळ्याखाली,
एकेक घाव मोजून टाकलाय.
बुडाशी मात्र गडबड आहे.
तिथं दुसराच हात. पोर असेल, शिकाऊ.
नाहीतर मग संध्याकाळ झाली असेल."

इस्फहानात संध्याकाळ झाली.
माझ्या चहावर साय धरली.

आणि पोचा? मी आले होते त्यासाठीच.
त्यांनी मानेत बोट घातलं, बराच वेळ आत ठेवलं,
दाढ दुखणाऱ्या माणसासारखा चेहरा करून.
"हा काढायचा नाही.
एकदा काढून झालाय, आतनं. अर्धा.
पुढं तांबं पातळ आहे, अजून एक घाव आणि फाटलं असतं.
त्याला ते कळलं, तो थांबला.
मी काय त्याच्याहून शहाणा?"
तो तिकडचाच? की इकडं आल्यावर कुणी...
"ते नाही सांगता येत."
मग बंब पुन्हा पुढ्यात ओढत म्हणाले,
"तांबट होता."

पैसे घेईनात. काम कुठं केलंय, म्हणे.
म्हटलं, ऑफिसला पावती लागते.
तेव्हा कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून दिलं :
एक सुरई. पाहिली.
खाली सही, तारीख.

नोंदवहीत मी पेन्सिलीनं भर घातली :
कर्ता : डावखुरा. बुडाशी एक पोर, किंवा संध्याकाळ.
केळुसकर मॅडमनी पुरावा विचारला.
मी पावती पुढे केली.
त्यांनी ती दोनदा वाचली,
खोडरबर उचललं, टेबलावर जरा सरकवलं,
आणि मग त्यांना कुणाचा तरी फोन आला.

पेन्सिल अजून आहे.
शिक्काही आहे, ड्रॉवरमध्ये.
काँगोच्या मुखवट्याची काच पुसताना
त्याच्या गालावरनं एकदा अंगठा फिरवावा असं हल्ली फार वाटतं,
एवढ्यासाठी की तिथं कोण थांबलं होतं, कुठं.

आम्हाला हातमोजे काढायची परवानगी नाही.