पेन्सिलीनेच लिहावे

ग्रंथालयाच्या तळघरात, बॉयलरच्या पलीकडे, माझी खोली.
दारावर पाटी: स्थानिक संग्रह. मंगळवार आणि गुरुवार.
शाईचं पेन बाहेर ठेवावं.
आत एकशे साठ खोकी, भिंतीवर दमटपणा मोजणारा काटा,
आणि काट्याला न जुमानता भिजका कोट अंगावर ठेवून बसणारा
हेडली पार्डी, वय वर्षं शहाऐंशी.

तो टॅनर्स कोव्हचा. न्यूफाउंडलंडच्या नकाशात
ते गाव आता कंसात असतं.
सरकारने माणशी इतके डॉलर मोजले
आणि सदुसष्ट साली लोकांनी घरंच उचलली,
खाली रिकामी पिंपं बांधली, बोटींनी ओढत नेली खाडीपार.
"आईनं भिंतीवरचं घड्याळसुद्धा उतरवलं नाही," हेडली सांगतो,
"पलीकडे लागलो तेव्हा चार मिनिटं मागे पडलं होतं. बस्स."
थडगी मागेच राहिली. ती कशी तरंगणार?
कागद आले, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून,
आणि फिरत फिरत डबा माझ्याकडे.

दुकानदाराची खातेवही आहे त्यात.
उघडली की अजून खारवणाचा वास येतो.
ईलाय पार्डी. जमा: कॉड, अकरा क्विंटल.
नावे: पीठ, काकवी, दोर, बुटांचा एक जोड.
वर्षाअखेर बाकी. पुढच्या पानावर बाकी.
त्याच्या पुढच्या पानावर अक्षर बदलतं,
दुकानदाराचा मुलगा लिहू लागतो,
बाकी तीच.
"बापाच्या हाताला कधी नाणं लागलं नाही," हेडली म्हणतो.
"मासा त्याचा. माशाचा भाव तराजूवाल्याचा."

पण आमचं खरं काम फोटोंचं.
एकशे चौदा, आणि मागे एक अक्षर नाही.
तो भिंग धरतो, मी पेन्सिल.
"हा लिअँडर. पोहता यायचं नाही. कुणालाच यायचं नाही म्हणा.
ही ड्रुसिला ब्लॅग्डन, हिच्या हातचा पाव म्हणजे दगड.
तेही लिही."
लिहिते. सूचीत पावाला जागा नाही,
शेऱ्याचा रकाना आहे.

फोटो एकोणनव्वदावा. मासे वाळवायचं मचाण, एकावन्नचा उन्हाळा.
धुणं पसरावं तसा कॉड पसरलेला,
मागे नऊ माणसं.
आठ जणांची नावं त्याने एका दमात सांगितली.
नववी, डोक्याला रुमाल;
सगळे कॅमेऱ्याकडे, ती समुद्राकडे.
भिंग तिच्यावर थांबलं.
बॉयलर एकदा खोकला.

"ओळखतोस?"
"ओळखतो."
मी पेन्सिलीला टोक काढलं.
"नाही लिहायचं."

मी सगळं सांगितलं: संशोधक, नातवंडं, येणाऱ्या पिढ्या,
अनुदानाच्या अर्जात दरवर्षी लिहिते ते.
वादळाची आधीच खबर असलेला माणूस
रेडिओवरचा अंदाज ऐकतो, तसं त्याने ऐकलं.
"तिनं तोंड फिरवलंय ना," म्हणाला,
"मग वळवणारा मी कोण?"

मार्चमध्ये हेडली गेला.
जमीन इतकी गोठलेली की दफन महिनाभर लांबलं.

बाप्तिस्म्याची नोंदवही माझ्याच कपाटात आहे.
गाव एवढंसं; त्या वयाच्या मुली अकरा.
बाकीच्या फोटोंतून आठ वजा होतात.
उरतात तीन. एका दुपारी दोनच उरल्या.
पुढच्या गुरुवारी वही पुन्हा काढली,
पान उलटणार तेवढ्यात पाहिलं, काटा पासष्टवर गेलेला.
वही मिटली. काट्याचं निमित्त बरं सापडलं.

सूचीत आता असं आहे:
फोटो क्र. ८९, डावीकडून नववी.
नाव माहीत होतं. ह. पार्डी यांना.

पेन्सिलीने लिहिलंय.
कुणाला खोडायचं असेल तर मंगळवारी यावं.
खुर्ची आहे.