केर कुणाचा

परवडतं का, विचारतो ग्रेनव्हिल,
चहाचा कप माझ्या शेडच्या खिडकीत ठेवून.
बाहेर वॉल्सॉलचा नोव्हेंबर, साडेचारलाच अंधार.
आत मी, आणि कुणाच्या तरी मेलेल्या वॉशिंग मशीनचं काळीज
मांडीवर उताणं.

नाही परवडत.
ही पाटी बघ, तपकिरी, बिस्किटासारखी ठिसूळ.
तांबं आहे, कथील आहे,
रिलेच्या जिभेवर चांदीचा एक ठिपका.
सोनं कॉम्प्युटरच्या कडांना, फोनच्या पोटात,
मिरवणाऱ्यांच्या अंगावर.
धुणंभांडी करणारीला कोण घालतं?

चौदा महिने. एक्केचाळीस किलो पाट्या,
साहेबाच्या लेखी परवानगीने घरी आणलेल्या.
टिप्टनचा व्यापारी किलोला चाळीस पेन्स देतो,
तेही माझ्याकडे न बघता.
सोळा पौंड चाळीस.
पेट्रोल वजा, नवी पक्कड वजा,
अंगठ्याला टाके पडले त्या दिवशीचा पगार वजा.
पिवळ्या कडा तेवढ्या कापून ठेवल्यात मार्मलेडच्या बरणीत;
उद्या आटवल्या तर मोहरीएवढंही हाती लागायचं नाही.
तेजाबाला इथे परवाना लागतो.
बरंच आहे.
दादांच्या बोटांवरच्या रेषा तेजाबानेच खाल्ल्या,
आधारच्या यंत्राने तीन वेळा त्यांना ओळखलं नाही.

दादा कोल्हापूरच्या गुजरीतले झारेकरी.
सोनारांच्या पायरीखालची माती,
बागेसरीची राख, गटाराचा गाळ,
वर्षाची बोली लावून विकत घ्यायचं.
दुसऱ्यांचा केर रोख पैसे मोजून आणणारं आमचं घर.
घमेलं फिरवत, पाणी सांडत, फिरवत,
शेवटी तळाशी पाऱ्याचा एक डोळा उरायचा;
मुशीत तो मिटला की गुंजभर पिवळं.
कधी नुसतीच मूस तापायची,
आणि आई त्या दिवशी काही विचारायची नाही.

इथे केर फुकट.
लोक स्वतःच्या गाडीतून आणतात, रांग लावतात,
वर सॉरी म्हणतात.
मी फाटकाशी उभा: फ्रिज डावीकडे, लाकूड उजवीकडे.
दिवसभरात अंगावर पिवळं म्हणाल तर
कौन्सिलचं जाकीट.

गेल्या गुरुवारी एका मशीनच्या पंपाची जाळी फिरवली.
काळं पाणी. केसांचा गुंता. वीस पेन्स. शर्टाचं बटण.
बाळाचा एक मोजा,
आणि मोज्याच्या आत कानातली बाळी.
दादांची कसोटी मी सामानातून आणली होती,
वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर रेघ ओढली.
बावीस कॅरट.
इथल्या दुकानातलं नऊचं नव्हे.

रात्री फोन लावला, तिकडे पहाट.
वजन? सहा गुंजा, थोडं वर.
दादा बराच वेळ खोकले.
मग म्हणाले, आपल्यात रिवाज होता:
ओळखू येईल ते परत.
ओळख पुसली, ते आपलं.

पण परत कुणाला?
भिंतीशी पंधरा पांढऱ्या मशिनी,
एकीवरही नाव नाही.
फाटकावर मार्करने कागद लिहून लावला.
आतापर्यंत तिघी येऊन गेल्या.
तिसरी, हरबन्स कौर, कॉल्डमोरहून दोन बस बदलून आली.
तिची होती ती अकरा वर्षांपूर्वी हरवली,
कानाचं भोकसुद्धा बुजलंय.
ही नव्हे, ती लगेच म्हणाली.
तरी तळहातावर घेऊन उभी राहिली पावसात,
मागे चार गाड्या हॉर्न न वाजवता थांबलेल्या.

बाळी आता शेडमध्ये खिळ्याला.
ग्रेनव्हिल तिच्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो,
आजच्या सोन्याचा भाव मला वाचून दाखवतो.

चहा गार होतोय तुझा.
आणि ती पुढची पाटी दे इकडे.