एकट्याचा रंग हिरवा

ओल्या वाळूतून अंड्यांची लड काढायची,
ब्रशनं फेस पुसायचा,
एकेक अंडं, तांदळाच्या दाण्याएवढं,
आगरच्या खाचेत आडवं लावायचं.
मग काचेची सुई, केसाहून बारीक,
आणि पायाखालचं पेडल.
इतकंच माझं काम.
सुईतल्या थेंबात एक कात्री असते,
तिला पत्ता सांगितलेला असतो:
अमुक गुणसूत्र, अमुक ओळ, इथे काप.
कापलं की नाही, ते पंधरा दिवसांनी कळतं.
शंभरातली सत्तर तोवर सडतात.

टोळाचं पिल्लू एकटं वाढलं तर हिरवं.
गवतात गवत. अध्यात ना मध्यात.
त्याच आईचं, पण चाळीस भावंडांत घुसळलेलं,
काळंपिवळं होतं.
अंगाला अंग घासत राहिलं की
आत काहीतरी पाझरतं.
त्याचं नाव कोरॅझोनिन,
कुठल्याशा भाषेतल्या काळजावरून ठेवलेलं.
पहिल्यांदा सापडलं तेव्हा
झुरळाच्या काळजाचे ठोके वाढवत होतं म्हणे.
आम्ही तेवढीच ओळ खोडतोय.

आब्बाला हे फोनवर कसं सांगू?
तो मैकोनाच्या पलीकडे, उंटांमागे.
टेकडी चढला की त्याला रेंज येते.
त्या वर्षी न्झिगे आले तेव्हा
त्यानं डबे बडवले, टायर जाळले,
आईचा ओरडून घसा बसला,
आणि बाभळींवर नुसते काटे राहिले.
उंट तीन दिवस जबडा हलवत उभे होते,
तोंडात काही नसताना.

"मग, गुमातो? मारायचं औषध सापडलं?"
"नाही आब्बा. रंग काढतोय."
पलीकडे वारा.
"कसला रंग?"
"काळा."
तो इतका हसला की त्याला ठसका लागला.
"उंटाचा रंग आपण हाक मारायला ठेवतो, पोरी.
चावरा तो कुठल्याही रंगाचा चावतो."

तिसऱ्या पिढीत जन्मली एकदाची.
भिजवून सोललेल्या शेंगदाण्यासारखी,
डोळ्यांतल्या उभ्या रेषा तेवढ्या शाबूत.
ओदुवोरनं केक आणला, तोही पांढरा.
मी फोटो काढला.
पाठवला नाही.

गुरुवारी त्यांना काळ्यांच्यात सोडलं,
गोल ट्रेमध्ये, बल्बखाली.
थोडा वेळ ती नुसती बसून राहिली.
मग काळ्यांनी तोंड वळवलं तिकडे वळली,
चालू लागली पायाला पाय लावून,
फेरीमागून फेरी,
काळं, पांढरं, काळं, काळं, पांढरं.
डॉक्टर म्बाटियाबाई खूश झाल्या.
हे उत्तरच आहे, म्हणाल्या:
रंग एका दोरीला बांधलाय, गर्दी दुसऱ्या.
आपण एकच कापली.
मी हे जसंच्या तसं वहीत उतरवलं,
आणि खाली, समासात, पेन्सिलीनं: आब्बा.

आता एक अडचण झालीय. तशी किरकोळ, लेबलांची.
एकेकट्या बरणीत वाढलेली पांढरी
आणि चाळिसांच्या पिंजऱ्यातली पांढरी
दिसतात अगदी सारखी.
पूर्वी दारातूनच कळायचं
कोण कुणाविना वाढलंय.
काल कोंडा झाडताना दोन चिठ्ठ्या गळाल्या
आणि तळहातावरचं पिल्लू
कुठलं, ते मलाच सांगता येईना.

म्हणून त्याला जाळीच्या पेटीत ठेवलं,
दुसऱ्या टोकाला वीसेकजण काचेआड,
आणि घड्याळ लावलं.
बाहेर कासारानीच्या रस्त्यावर दिवे लागले होते,
इमारतीत बहुधा मी आणि पहारेकरी.
पिल्लू काचेकडे दोन पावलं गेलं.
मिशा हलवल्या.
मग मागे, कोपऱ्यात.

मी पेनचं टोपण काढलं,
आणि परत लावलं.
पूर्ण दहा मिनिटं द्यायची असतात.
चारच झाली होती.